डबा की डोळा?

साहित्याच्या दिवाळी अंकात कॅमेऱ्याच्या खरेदीवर लिहिणे काही जणांना अप्रशस्त वाटेल. कादंबरीचे मरण, कवितेची दुर्बोधता, समीक्षकांची अरेरावी असे भरभक्कम विषय सोडून हा मास्तर दुकानदारीच्या गोष्टी का सांगू लागला, असे ते विचारतील. विचारोत बापडे. कादंबरीवरच्या वादात मी अनेकदा हरलो आहे आणि त्यामुळे कोणाच्या घरची चूल विझल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण एका दुकानात, जिथे वाद घालायला हवा होता तिथे, मी गप्प बसलो. आणि त्या गप्प बसण्याची किंमत एका बाईने दोन वर्षे बचत गटाचे हप्ते भरून फेडली. तो राहून गेलेला वाद मी आज घालणार आहे.

गोष्ट २०१८ च्या दिवाळीतली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा करायचे मनावर घेतले होते. मुलगा अभ्यासात बेताचा, पण नजर मोठी चांगली. वर्गाच्या खिडकीतून येणारा कवडसा किती वाजता कोणाच्या तोंडावर पडतो हे माझ्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक असे. वडील नाहीत. आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते. तिने बचत गटातून चाळीस हजार रुपये उचलले आणि मला निरोप धाडला, "गुरुजी, तुम्ही संगं जावा. पोराला कुनी फसवाया नगं." मी गेलो.

जिल्ह्याच्या ठिकाणचे ते दुकान. काचेची कपाटे, पंख्याचा वारा, आणि मालकाची मधाळ जीभ. त्याने एक मोठे खोके टेबलावर ठेवले. "चोवीस मेगापिक्सेल, सर! शिवाय एक सोडून दोन लेन्स. छोटी अठरा-पंचावन्नची, आणि ही मोठी सत्तर-तीनशेची. पिशवी, कार्ड, ट्रायपॉड आमच्याकडून." मुलाने चाचरत विचारले, "आणि ती पन्नासची लेन्स?" मालक हसला. "तिला झूम नाही, बाळा. एका जागी खिळलेली लेन्स घेऊन करशील काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काय सर, बरोबर ना?" मला त्यातले काही कळत नव्हते. न कळणारा शिक्षक जे करतो तेच मी केले: मान डोलावली.

तुळशीचे लग्न झाले, मुहूर्त सुरू झाले, आणि मुलाला पहिले काम मिळाले. हळद रात्रीची. मांडवात चार ट्यूबलाइट आणि रंगीत दिव्यांच्या माळा. मुलाने शे-दोनशे फोटो काढले. त्यांत नवरीचा हात म्हणजे पिवळा ढग, आणि उधळलेल्या अक्षता म्हणजे पांढऱ्या रेघा. जिथे कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश वापरला तिथे चेहरे चुना फासल्यासारखे आणि मागे मिट्ट काळोख. मोठ्या लेन्सने तर एकही फोटो धड आला नाही. वरपक्षाने अर्धे पैसे कापले आणि गावभर सांगितले. त्या हंगामात आणखी दोन कामे झाली, तीही तशीच. वर्षाच्या आत कॅमेरा निम्म्याहून कमी किमतीला गेला. हप्ते मात्र जागेवरच राहिले.

आता दोष कोणाचा? गावातले शहाणे म्हणाले, पोराला येत नव्हते. दुकानदार म्हणाला, कॅमेरा तर उत्तम दिला होता. दोघांचेही म्हणणे वरवर खरे आहे आणि म्हणूनच ते मला चीड आणणारे वाटते. त्या मुलाला कोणी खोटा माल दिला नाही. त्याला खरा माल दिला, पण त्याच्या कामाचा नसलेला. आणि ही काही एका दुकानदाराची लबाडी नव्हे. नवशिक्याचा पैसा डब्यावर खर्च करवून डोळ्यासाठी काही शिल्लक राहू द्यायचे नाही, ही या धंद्याची रीतच होऊन बसली आहे.

डीएसएलआर म्हणजे शेवटी काय? एक डबा, त्यात एक आरसा, आरशामागे एक पडदा आणि पडद्यामागे उजेड टिपणारी एक चकती, म्हणजे सेन्सर. डब्याच्या तोंडाशी डोळा, म्हणजे लेन्स. डोळ्यातून आलेला उजेड आरसा वर फेकतो, म्हणून आपल्याला खिडकीतून चित्र दिसते. कळ दाबली की आरसा उचलला जातो, पडदा सरकतो आणि उजेड सेन्सरवर पडतो. म्हणजे डोळा जेवढा उजेड आत सोडील तेवढ्यावरच डब्याने संसार करायचा. असे असता खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात डब्याचा आकडा, आणि डोळ्याचा आकडा असतो लेन्सच्या कडेला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. गिऱ्हाइकाने कोणता वाचावा ही योजना आधीच झालेली असते.

तो मुंगीच्या पावलांचा आकडा एफ या अक्षरापुढे असतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण हा हिशोब त्याच्याही आत बसतो. लेन्सच्या नाभीय अंतराला उजेड येण्याच्या तोंडाच्या व्यासाने भागले की तो आकडा मिळतो. म्हणजे आकडा जितका लहान तितके तोंड मोठे. पन्नास मिलिमीटरच्या एफ १.८ लेन्सचे तोंड झाले सुमारे २८ मिलिमीटर, दहा रुपयांच्या नाण्याएवढे. खोक्याबरोबर येणारी अठरा-पंचावन्नची लेन्स पन्नासवर नेली की तिचा आकडा ५.६ च्या आसपास होतो. तोंड उरते ९ मिलिमीटर, शर्टाच्या बारीक गुंडीएवढे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे आम्ही मुलांना फळ्यावर शिकवतो. तो वर्ग करून पाहा. नाण्यातून गुंडीच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो.

दहापट उजेड म्हणजे मांडवात काय, तेही सांगतो. त्या हळदीच्या उजेडात गुंडीच्या लेन्सला समजा सेकंदाचा पंधरावा भाग पडदा उघडा ठेवावा लागत असेल, तर नाण्याच्या लेन्सला दीडशेवा भाग पुरतो. सेकंदाच्या पंधराव्या भागात नवरीचा हात ढग होतो. दीडशेव्या भागात तो हात राहतो. हाताचा कंप थोपवणारी यंत्रणा आमच्या लेन्समध्ये आहे, असे दुकानदार सांगतो. ती असते, आणि चांगली असते. पण ती फोटो काढणाऱ्याचा हात स्थिर करते, हळद लावणाऱ्याचा नव्हे.

आता त्या मेगापिक्सेलचे स्तोम पाहू. निकॉनचा डी ३२०० हा नवशिक्यांचा कॅमेरा २०१२ साली आला, तो २४ मेगापिक्सेलचा. त्याच घराण्यातला डी ३५०० आला २०१८ साली. तोही २४ मेगापिक्सेलचाच. सहा वर्षांत जो आकडा हलला नाही तो आकडा मुलाला नवलाई म्हणून विकला गेला. शिवाय २४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके. अल्बमच्या बारा बाय अठरा इंचांच्या पानाला इंचाला २०० ठिपके धरले तर ३६०० गुणिले २४००, म्हणजे पाऊणनऊ मेगापिक्सेलहून कमीच लागतात. मग उरलेले पंधरा कशाला? कातरायला उपयोगी पडतात, हे मी नाकारत नाही. पण हललेला हात २४ मेगापिक्सेलमध्ये टिपला तर तो अधिक तपशिलाने हललेला दिसतो, एवढाच फरक.

आणि ती मोठी लेन्स! सत्तर-तीनशे म्हटले की नवशिक्याच्या डोळ्यांपुढे वाघ-बिबटे नाचू लागतात. या जातीच्या स्वस्त लेन्सचा आकडा तीनशेवर ५.६ किंवा ६.३ असतो. जुना ठोकताळा असा की, हातात धरून फोटो काढायचा तर नाभीय अंतराला सेन्सरच्या आकाराच्या दीडपटीने गुणावे आणि सेकंदाचा तितकावा भाग घ्यावा. म्हणजे तीनशेला साडेचारशेवा भाग. कंप थोपवणारी यंत्रणा असेल तर थोडी सूट मिळते, पण स्वस्त जोड्यांत ती असतेच असे नाही. भर दुपारी माळावर ही लेन्स छान चालते. रात्री मांडवात ती पिशवीतच शोभते. लग्नाच्या फोटोग्राफरला ती पहिल्या दिवशी देणे म्हणजे भात लावणाऱ्याला आधी मळणीयंत्र विकण्यासारखे आहे.

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला मोबाइलवाल्यांचा. ते म्हणतात, गरिबाने कॅमेरा घ्यावाच कशाला? खिशातला मोबाइल पुरे. यातले निम्मे मला मान्य आहे. ज्याला घरच्या मुलांचे, सहलीचे, दिवसाउजेडी फोटो काढायचे आहेत त्याने खरोखरच कॅमेरा घेऊ नये. पैसे बँकेत ठेवावेत. मोबाइल अनेक चित्रे एकावर एक रचून अंधारावर मात करतो, तीही मोठी विद्या आहे. परंतु माणूस हलू लागला की त्या रचनेची तारांबळ उडते. शिवाय ज्याला या कामावर पोट भरायचे आहे त्याला मोबाइल घेऊन मांडवात कोण उभे करील? हा उपदेश करणाऱ्यांनी आपल्या मुलीच्या लग्नात मोबाइलवाला बोलावला आहे काय?

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, डीएसएलआर मेला. आता बिनआरशाचा कॅमेरा घ्या. ही बातमी खोटी नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ साली मोठ्या सेन्सरच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची नवी घराणी सुरू केली, आणि २०२० नंतर दोघांकडूनही नवा डीएसएलआर आलेला नाही. नव्या कॅमेऱ्याला माणसाचा डोळा आपोआप सापडतो, चलच्चित्र घेताना त्याचा फोकस चांगला चालतो. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने तो अवश्य घ्यावा. पण श्रीमंतांनी टाकलेली वस्तू गरिबाच्या हातात निकामी होत नाही. उलट, हौशी लोक नव्याच्या मागे लागल्यामुळे जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स बाजारात उतरत्या किमतीला येतात. २०१५ साली ज्या कॅमेऱ्याने काढलेले लग्नाचे फोटो लोकांनी चौकटीत बसवून भिंतीला लावले, तो कॅमेरा आज कमी उजेड टिपू लागला आहे काय? शिवाय लेन्स वाया जात नाही. कॅननची ईएफ लेन्स एक जोडकडे लावून त्यांच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर फोकससकट चालते. डबा बदलला तरी डोळा पुढच्या डब्याला बसवता येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पैसा कशावर घालावा हे वेगळे सांगायला नको.

टीका करणाऱ्याने उपायही सांगावा, अशी रीत आहे. तर ऐका. चाळीस हजारांतला निम्म्याहून अधिक पैसा डब्यावर घालू नये, आणि डबा वापरलेला घ्यावा. घेताना पडदा किती वेळा उघडला हे विचारावे. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा पडदा साधारण लाख वेळा उघडेल असे धरतात. निकॉनच्या फोटोच्या फाइलीत तो आकडा नोंदलेला असतो. लेन्सचे तोंड एफ १६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढावा. सेन्सरवरची घाण काळ्या ठिपक्यांनी आपली हजेरी देते. लेन्समधून विजेरीचा झोत टाकून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, हात जोडून निघावे. कोकणात तर घेतलेली लेन्सही पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. आणि बिलावरचा क्रमांक कॅमेऱ्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडायचा.

नवाच घ्यायचा हट्ट असेल तर सर्वांत स्वस्ताच्या मागे डोळे मिटून जाऊ नये. कॅननच्या २०१८ सालच्या ३०००डी मध्ये काटकसर इतकी की, लेन्स बसवण्याचे कडे प्लास्टिकचे, आणि चष्मा नसताना खिडकीतले चित्र आपल्या नजरेला जुळवून घेण्याची सोयच नाही. त्यांच्याच २०१९ सालच्या २००डी मार्क दोनमध्ये फ्लॅशच्या खाचेतला मधला संपर्कबिंदू गाळलेला आहे. त्यामुळे मधल्या बिंदूवर पेटणारे साधे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. ज्याला स्वस्त फ्लॅशवर काम भागवायचे आहे त्याला ही बचत केवढ्याला पडेल!

मग लेन्स. खोक्याबरोबरची अठरा-पंचावन्न मी फेकून द्या म्हणत नाही. दिवसा ती चांगली आहे, आणि पंधरा माणसांच्या घोळक्याला तिच्यावाचून गत्यंतर नाही. तिच्या जोडीला एक एफ १.८ ची लेन्स घ्यावी. पन्नासची की पस्तीसची? याचेही उत्तर फूटपट्टीने काढता येते. या वर्गातला सेन्सर सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब. कॅमेरा उभा धरून सहा फुटी माणूस डोक्यापासून पायांपर्यंत घ्यायचा तर पन्नासच्या लेन्सला जवळजवळ तेरा फूट मागे सरकावे लागते, पस्तीसच्या लेन्सला नऊ फूट. ज्यांच्या घरची खोलीच दहा फुटांची त्यांच्या लग्नात पन्नासवाला दाराबाहेर उभा राहणार. निकॉनवाल्याला पस्तीसची एफ १.८ माफक किमतीत मिळते. कॅननकडे तिच्या तोडीची स्वस्त पस्तीसची नाही; तिथे पन्नासची घेऊन मांडवात काम करावे आणि खोलीत फ्लॅश लावून किट लेन्स चालवावी.

निकॉनवाल्याने आणखी एक गोम लक्षात ठेवावी. डी ३००० आणि डी ५००० मालिकांच्या डब्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. पन्नासची जुनी 'डी' जातीची लेन्स स्वस्त म्हणून घेतली तर फोकस हाताने फिरवत बसावा लागेल. मोटरची 'जी' जातीची घ्यावी. कॅननने १९८७ साली ईएफ कडे काढले तेव्हापासून मोटर लेन्समध्येच घातली आहे, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

उरलेल्या पैशांत डोके वळवता येणारा एक साधा फ्लॅश घ्यावा आणि तो नवरीच्या तोंडावर न मारता पांढऱ्या छतावर किंवा पांढऱ्या कापडावर मारावा. मांडवाचे कापड लाल असेल तर तसे करू नये, नाहीतर वऱ्हाड शेंदूर फासल्यासारखे दिसेल. आणि एफ १.८ म्हणजे काही कामधेनू नव्हे, हेही सांगून ठेवतो. पूर्ण उघडलेल्या तोंडावर फोकसची जाडी इतकी थोडी असते की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर व्हायचा. तो हात बसायला महिना दोन महिने घरच्यांचे, गुराढोरांचे, दिव्याखालचे फोटो काढावे लागतात. हा रियाज दुकानात मिळत नाही आणि त्याला हप्ताही लागत नाही.

हे सारे त्या दिवशी मला ठाऊक असते तर! पण ते ठाऊक करून घेणे हे माझे काम होते, त्या बाईचे नव्हे. १९१२ साली दादासाहेब फाळके विमापत्रे गहाण टाकून लंडनला गेले. ते स्वतः फोटोग्राफर होते, गोध्र्याला त्यांनी त्याचा धंदा केला होता. तरीही चलच्चित्राचा कॅमेरा घेण्याआधी त्यांनी 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांचा उंबरठा गाठला. कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यातले धोके सांगितले, मग सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. अशा सल्ल्यानंतर फाळक्यांनी विल्यमसनचा कॅमेरा घेतला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. कर्ज त्यांनीही काढले होते. पण सल्ला देणारी माणसे काही विकायला बसलेली नव्हती, आणि न कळता मान डोलावणारीही नव्हती.

श्रीमंताने चुकीचा कॅमेरा घेतला तर तो कपाटात जातो आणि पुढच्या दिवाळीत दुसरा येतो. गरिबाला दुसरी खरेदी नसते. म्हणून त्याच्या पहिल्या खरेदीच्या वेळी ज्याला कळते त्याने बोलले पाहिजे, आणि ज्याला कळत नाही त्याने निदान 'मला कळत नाही, आज खरेदी नको' एवढे म्हणून दुकानातून उठले पाहिजे. शिक्षकाला हे वाक्य अवघड जाते. मला गेले.

तो मुलगा आता तालुक्यातल्या एका फोटोग्राफरकडे मदतनीस आहे. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याने लग्ने काढतो. मागे बाजारात भेटला तेव्हा त्याने मला हळदीचा एक फोटो दाखवला. रात्रीचाच. एक म्हातारी नवरीच्या गालाला हळद लावते आहे. तिच्या हाताच्या शिरासुद्धा दिसत होत्या.

"कोणत्या लेन्सने काढलास?" मी विचारले.

"पन्नासच्या, सर."

मी पुढे काही विचारले नाही. ती लेन्स त्या दिवशी दुकानाच्या काचेच्या कपाटात होती. मुलाने बोट करून दाखवली, तेव्हा मला ती दिसलीही होती.